अंगठा राहू दे

"अंगठा राहू दे," सुप्रभाताई म्हणाल्या.

नऊ बोटांचं काम उरकलं होतं. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवायचा, वरून फॉइल गुंडाळायची, वीस मिनिटं थांबायचं आणि मऊ पडलेलं ॲक्रिलिक लाकडी काडीनं हलकेच पुढं ढकलायचं. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. पुण्यात तीन महिने राहून मी हे शिकून आले होते. उजव्या अंगठ्याला मात्र ताईंनी फॉइल गुंडाळूच दिली नव्हती. मूठ वळून तो त्यांनी आत दडवून ठेवला होता.

"राहू दे म्हणजे? नऊ नखं साधी आणि एकच प्लास्टिकचं? फोटोत कसं दिसेल ते, ताई?"

"अंगठा लपवता येतो फोटोत."

"आणि तोडे घालताना? पाटल्या सरकवताना?"

त्यांनी मूठ आणखी घट्ट वळली.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि सांगलीत वृंदा मॅडमच्या पार्लरमध्ये नखांचं काम बघत होते. गावात तेव्हा हे काम येणाऱ्या मुली फार नव्हत्या. सुप्रभा मगदूम सराफकट्ट्यावरच्या एका मोठ्या पेढीत कामाला होत्या. वय छत्तीस-सदतीस. पेढीत आलेला नवा दागिना आधी त्यांच्या हातात चढायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या. हात होताही तसाच, लांबसडक, गव्हाळ, एक शीर वर आलेली नाही. पेढीच्या जाहिरातींतही त्यांचाच हात असायचा. चेहरा नाही, फक्त हात. त्यांचे यजमान सुकुमारभाऊ दूध संघात होते. घरी दोघंच. भाऊ गमतीनं म्हणायचे म्हणे, "माझ्या बायकोला गावात कुणी ओळखत नाही, पण तिचा हात सगळं गाव ओळखतं."

अक्षय्य तृतीयेच्या आधी पेढीचं नवं शूटिंग होतं. पुण्याहून येणाऱ्या फोटोग्राफरनं सांगितलं होतं की पारंपरिक दागिन्यांवर खोटी नखं शोभत नाहीत, हात खरा पाहिजे. म्हणून ताई फेब्रुवारीच्या शेवटी ॲक्रिलिक काढायला आल्या. हातात सात आठवडे होते.

नऊ नखांची अवस्था वाईट होती. कागदासारखी पातळ, मध्ये पांढरे चट्टे, टोकाला पापुद्रे सुटलेले. ज्यानं कुणी लावली होती त्यानं आधी खालचं नख फार घासलं होतं. नुसती फुंकर मारली तरी ताई बोट मागं घ्यायच्या.

"अंगठ्याचं याहून काय वेगळं असणार आहे, ताई? इथं लाजायचं कसलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हात टॉवेलवर ठेवला आणि तोंड खिडकीकडं केलं.

अंगठ्यावरचं ॲक्रिलिक सुटायला जास्त वेळ लागला, कारण तिथं थर जाड होता. काडीनं शेवटचा तुकडा ढकलला आणि मला रेष दिसली. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत, उभी, पेन्सिलीतल्या शिशाएवढी रुंद. एका कडेला तपकिरी, दुसऱ्या कडेला काळी. मुळाशी, जिथं नख कातडीखाली जातं तिथं, कातडीवरसुद्धा शाई सांडल्यासारखा डाग होता.

"हे काय झालं?"

"दारात बोट चेमटलं होतं. दिवाळीत." त्या अजून खिडकीकडंच बघत होत्या. "रक्त साकळलंय."

पुण्यात आम्हाला एका दुपारी नखांच्या आजारांवर शिकवलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवली होती. त्यातलं बरंचसं मी विसरले होते, पण त्या बाईंचं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं. डाग नखावर असेल तर विचारा, कातडीवर उतरला असेल तर हात लावू नका, डॉक्टरकडं पाठवा.

"कातडीवर पण काळं आहे, ताई," मी म्हणाले.

"हं."

"कुणाला दाखवलंत?"

"नसीम," मागून मॅडमचा आवाज आला, "जरा आत ये."

आतल्या खोलीत मॅडमनी दार लोटून घेतलं.

"काय चाललंय तुझं?"

"मॅडम, त्यांच्या अंगठ्याला रेष आहे. आम्हाला शिकवलं होतं…"

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"माझ्या आईच्या दोन बोटांना आहेत अशा रेषा. पंचाहत्तरीची आहे, अजून दळण स्वतः आणते. आपल्या रंगाच्या माणसांना असतात त्या." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पेढीच्या शूटिंगचं सगळं काम आपल्याला मिळालंय, मेकअपपासून. त्या बाईला आज घाबरवलंस, उद्या ती रजेवर गेली, तर मालकांना मी काय सांगू? नखं नीट करून दे. तेवढंच आपलं काम."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. नदाफांची मुलगी पार्लरमध्ये कामाला ठेवली म्हणून दोन गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं होतं, तेव्हा त्यांनी त्या दोघींनाच दुसरीकडं जायला सांगितलं होतं. त्यांचा शब्द मला मोडवत नव्हता. आणि खरं सांगायचं तर रेषा असतात, हे मलाही माहीत होतं. माझ्या अब्बांच्या पायाच्या अंगठ्याला होती एक.

मी बाहेर आले. ताई तशाच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"काही नाही. तेल कुठलं वापरायचं ते सांगत होत्या."

त्यांनी हळूच श्वास सोडला. तेव्हा मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

नखं सगळी बारीक कापली आणि पुढचं सगळं सांगितलं. भांडी घासताना हातमोजे. रोज झोपताना बदामाचं तेल नखांच्या मुळाशी चोळायचं. कानस एकाच दिशेनं. नखानं डब्याचं झाकण उघडायचं नाही, लेबल खरवडायचं नाही.

"आणि खायला? गोळ्या बिळ्या?"

"गोळीनं खराब नख बरं होत नाही, ताई. नख म्हणजे मेलेलीच गोष्ट. एकदा बिघडलं ते बिघडलं. मुळातून नवं येतंय ते फक्त सांभाळायचं, आणि जुनं पुढं जाईल तसं कापून टाकायचं."

"म्हणजे वाट बघायची."

"वाट बघायची."

गुरुवारी त्यांची सुट्टी असायची. दर गुरुवारी अकरा वाजता त्या यायच्या. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. मधल्या बोटाचं नख आडवं चिरलं. करंगळीचं तर पेढीत चेन उलगडताना निम्मं उडालं. त्या रडकुंडीला आलेल्या. मी चिरलेल्या नखावर बारीक रेशमी पट्टी चिकटवून दिली. डबीतून घरी केलेलं तूप आणायच्या त्या. "बदामाच्या तेलापेक्षा हे बरं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "मग आमचं दुकान कसं चालायचं?" त्या हसायच्या. हसताना डाव्या हातानं तोंड झाकायच्या. उजवा हात माझ्याकडं असायचा.

तिसऱ्या आठवड्यापासून नखांच्या मुळाशी नवी कड दिसायला लागली. गुलाबी, गुळगुळीत, चिवट. तिच्या पुढं जुनं, पांढरट, खरबरीत. दोघांमध्ये सरळ सीमारेषा. दर गुरुवारी ती सीमा केसभर पुढं सरकलेली असायची. ताईंना ती दाखवायला मला फार आवडायचं.

"ही बघा. इथून मागं तुमचं स्वतःचं."

"आणि इथून पुढं?"

"ते जाईल."

अंगठ्याविषयी आम्ही बोलत नव्हतो. मी तो सगळ्यात शेवटी घ्यायचे आणि पटकन उरकायचे. पण दिसायचं ते दिसतच होतं. पाचव्या गुरुवारी मी अंगठा दिव्याखाली धरला. तिथंही नवं नख आलं होतं, तिथंही सीमा पुढं सरकली होती. पण रेष सीमा ओलांडून मागं, थेट मुळापर्यंत, तशीच होती. दिवाळीत दार लागून साकळलेलं रक्त असतं तर ते नखाबरोबर पुढं गेलं असतं आणि मागं स्वच्छ नख आलं असतं. इथं नवं नखसुद्धा काळंच उगवत होतं. आणि रेष रुंद झाली होती. फेब्रुवारीत पेन्सिलीतल्या शिशाएवढी होती, आता नखाचा तिसरा हिस्सा तिनं व्यापला होता.

माझा हात थांबला. ताईंनी बघितलं की मी बघतेय.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले आणि दिवा बंद केला.

त्या रात्री मी अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, "सांगून टाक की तिला. तुझं काय जातंय?" मी म्हणाले, "मॅडम काढून टाकतील." अम्मी ताटं उचलून मोरीत ठेवून आली. आल्यावर म्हणाली, "मग शूटिंग झाल्यावर सांग." मला ते पटलं. दोन आठवड्यांनी काय फरक पडतो, असं मी स्वतःला सांगितलं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी ताई सुट्टी काढून आल्या. त्या दिवशी पार्लरमधल्या सगळ्या जणी आमच्या टेबलाभोवती गोळा झाल्या होत्या. नऊ नखं अशी झाली होती की मलाच खरी वाटेनात. नवं नख निम्म्याच्या पुढं आलं होतं, उरलेलं जुनं आखूड कापून, चमकवून त्यात मिसळून टाकलं होतं. नखं आखूड होती, पण गोलसर, गुलाबी, शिंपल्यासारखी. रंग नाही, काही नाही. मॅडमनी त्यांचा डावा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "हे बघा. सात आठवड्यांत. माझ्या नसीमचं काम." सगळ्यांसमोर त्या मला पहिल्यांदाच 'माझी नसीम' म्हणाल्या.

मग सगळ्या आपापल्या कामाला गेल्या आणि टेबलावर अंगठा उरला.

नखाच्या टोकाला मध्यभागी चीर गेली होती. मी त्यावर नखाच्याच रंगाचा थर द्यायला घेतला. एक, दोन, तीन. तीन थरांखालीही सावली दिसत होती, म्हणून चौथा दिला.

"नसीम," ताई म्हणाल्या.

"हं."

"ही रेष जाईल ना गं?"

मी मान वर केली. त्या आज खिडकीकडं बघत नव्हत्या. सरळ माझ्याकडं बघत होत्या. सात आठवड्यांत त्यांनी रेषेबद्दल स्वतःहून पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"बाकीची नऊ नखं तू म्हणालीस तशी आली," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस जुनं पुढं जाईल, गेलं. म्हणून तुला विचारते. तुला कळतं त्यातलं. जाईल?"

पलीकडं मॅडम फोनवर कुणाला तरी माझंच कौतुक सांगत होत्या. माझ्या हातात ब्रश होता आणि थर वाळायच्या आत मला कडा नीट करायच्या होत्या. मला त्यांना घाबरवायचं नव्हतं. उद्याचं काम बिघडवायचं नव्हतं. पण याहूनही एक गोष्ट होती, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तो माझा दिवस होता आणि मला तो तसाच ठेवायचा होता.

"जाईल की," मी म्हणाले. "हळूहळू जाईल."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. मी खाली मान घालून चौथा थर पुरा केला.

शूटिंग झालं. जाहिरात लागली. हात फार सुंदर दिसत होता. आता सांगू, येत्या गुरुवारी सांगू, असं मी ठरवत होते, पण गुरुवारी ताई आल्याच नाहीत. पुढच्याही नाही. दोनदा फोन केला. एकदा म्हणाल्या लग्नसराई आहे, पेढीत श्वास घ्यायला वेळ नाही. एकदा उचललाच नाही. घरी जाऊन सांगता आलं असतं. विश्रामबाग काही लांब नव्हती. मी गेले नाही.

जुलैत एका सकाळी पार्लर उघडायच्या आधीच त्या पायरीवर उभ्या होत्या. अंगठ्याला रुमाल बांधलेला. मी रुमाल सोडला. नख उभं दुभंगलं होतं आणि मधून काळपट मांस वर आलं होतं. वास येत होता.

मी उघडलेलं कुलूप पुन्हा लावलं. रिक्षा थांबवली आणि मॅडमना काही न कळवता ताईंना घेऊन मिरजेला गेले. वाटेत मी रुमाल पुन्हा बांधून दिला.

कातडीच्या डॉक्टर साधारण माझ्या मावशीच्या वयाच्या होत्या. त्यांनी भिंगातून अंगठा बघितला. मग ताईंना हात वर करायला सांगून काख चाचपली. तिथं त्यांची बोटं थांबली.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून."

"म्हणजे आठ-नऊ महिने. आधी कुणाला दाखवलं होतं?"

"नाही," ताई म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. "तुम्ही यांच्या कोण?"

"मी… मी यांची नखं करते."

"नखं करता?" त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्हाला दिसलं नाही हे?"

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "तिला काही बोलू नका. तिचा काय दोष त्यात?"

डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागल्या. नखाखालचा कॅन्सर असावा, तुकडा काढून तपासावा लागेल, आजच. काखेतही गाठी आलेल्या दिसतात. हे सगळं त्या अगदी सावकाश, समजेल असं बोलल्या. ताई मान हलवत होत्या, जणू कुणी त्यांना पत्ता सांगतंय.

ऑगस्टमध्ये अंगठा काढला. काखेतल्या गाठीही काढल्या. पेढीनं त्यांना हिशेबाच्या खोलीत बसायला सांगितलं. त्या दोन दिवस बसल्या आणि मग गेल्या नाहीत. मी पार्लर सोडलं. मॅडमनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईच्याही आहेत गं रेषा." 

ऑपरेशननंतर महिन्याभरानं सुकुमारभाऊंचा फोन आला. "नसीमताई, एक विचारायचं होतं. हिला डाव्या हाताची नखं कापता येत नाहीत. उजव्या हातात नेलकटर धरवत नाही. मी कापतो म्हटलं तर नको म्हणते. तुम्ही याल का?"

मी दर दुसऱ्या रविवारी जायला लागले. सकाळी अकराला. भाऊ तेव्हा बस्तीत जायचे, देवदर्शनाला, म्हणजे घरात आम्ही दोघीच. मी डाव्या हाताची पाच आणि उजव्या हाताची चार नखं कापायचे, कानस लावायचे, तेल चोळायचे. इतकी चांगली नखं मी नंतरच्या अकरा वर्षांत कुणाची केली नाहीत. औषधं सुरू झाल्यावर त्यांचे केस गेले, वजन गेलं, पण नखं बरेच दिवस तशीच राहिली.

जानेवारीतल्या एका रविवारी मी नखं कापताना बोलून टाकलं. आधी ठरवलं नव्हतं.

"ताई, मला माहीत होतं."

मी नेलकटर खाली ठेवलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. आम्हाला शिकवलं होतं तसलंच. आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी तर नक्कीच कळलं होतं. तरी मी जाईल म्हणाले."

त्यांनी हात काढून घेतला नाही. मग म्हणाल्या, "कपाट उघड. खालच्या कप्प्यात जांभळा शालू आहे. त्याच्या घडीत बघ."

शालूच्या घडीत एक कागद होता. चार घड्या घातलेला. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांचा. वर ताईंचं नाव, खाली इंग्रजीत तीन-चार ओळी. बायॉप्सी हा शब्द मला वाचता आला, आणि त्याच्यापुढं अर्जंट असं लिहून खाली दोनदा रेघ ओढलेली. तारीख डिसेंबरची होती. माझ्याकडं येण्याआधी अडीच महिने.

मी तिथंच खाली बसले.

"एकटीच गेले होते," ताई म्हणाल्या. "ह्यांना सांगितलं, पेढीच्या कामाला चाललेय. डॉक्टर म्हणाले, नख उचलून खालचा तुकडा घ्यावा लागेल, आठ दिवसांत या. मी विचारलं, नख परत येईल का? म्हणाले, येईल, पण सरळ येईलच असं नाही. आणि तपासणीत वाईट निघालं तर नखाचा विचारच सोडा. बाहेर आले. दवाखान्याच्या समोरच एक पार्लर होतं, नखांचं. मी सरळ आत गेले आणि दहाही नखांना लावून घेतलं."

"का, ताई?"

"दिसायचं बंद झालं की." त्या माझ्याकडं बघत होत्या. "दिसलं नाही की ते नाहीच, असं वाटायचं. तुला हसू येईल. पण खरंच वाटायचं. मग मालक म्हणाले, नखं काढा."

"मग मला का विचारलंत? जाईल का म्हणून? तुम्हाला माहीत होतं ना?"

खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती, ती लांब जाईपर्यंत त्या थांबल्या.

"मी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं यायच्या आदल्या रात्री. नसीमला विचारायचं. तिला नखातलं कळतं, मी गिऱ्हाईक म्हणून ती खोटं बोलायची नाही. ती 'नाही' म्हणाली तर उद्याचं शूटिंग सोडून द्यायचं आणि कोल्हापूर गाठायचं. माझं मला जाववत नव्हतं गं. कुणीतरी एकदा 'जा' म्हणायला पाहिजे होतं." मग त्या जरा हसल्या, आणि डाव्या हातानं तोंड झाकलं. "तू जाईल म्हणालीस. मला इतका आनंद झाला, नसीम, काय सांगू तुला. घरी जाऊन शिरा केला मी."

मला रडूही येईना. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. त्या दिवशीचा आनंद त्यांना अजून आठवत होता आणि तोच त्या मला सांगत होत्या.

"तो कागद फाड," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हाती लागायला नको. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी काही केलं नाही, हे कळलं तर हा माणूस उभ्याउभ्या मोडेल. मी बऱ्याचदा फाडायला घेतला. एका हातानं फाटत नाही. अंगठ्याशिवाय कागद धरवत नाही."

मी फाडला. बारीक बारीक तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले.

"कधी सांगू नको त्यांना."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ."

मग त्यांनी उरलेली दोन बोटं माझ्यापुढं केली आणि मी ती नखं कापली.

त्या ऑक्टोबरपर्यंत होत्या. शेवटी फुप्फुसात गेलं होतं.

महिन्याभरानं मी भाऊंना भेटायला गेले. सकाळचे अकराच वाजले होते, पण त्या दिवशी ते बस्तीत गेले नव्हते. घर लख्ख आवरलेलं होतं. "बसा, चहा टाकतो," म्हणाले. मी नको म्हणाले तरी आत जाऊन त्यांनी आधण ठेवलं आणि बाहेर येऊन समोरच्या खुर्चीत बसले. बराच वेळ हाताच्या तळव्यांकडं बघत राहिले.

"मिरजेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सहा महिने आधी आला असता तर नुसत्या अंगठ्यावर भागलं असतं," ते म्हणाले. "मला झोप लागत नाही, नसीमताई. एका घरात राहत होतो आम्ही. एका ताटात जेवायचो कधी कधी. मला कसं दिसलं नाही? ती लपवत होती का? तिला माहीत होतं का?"

मी पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"तुम्ही दर आठवड्याला बघायचात तिचा हात. खरं सांगा. तुम्हाला तरी काही दिसलं होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. डॉक्टरांसमोर ताईंनी स्वतःच मला त्यातून सोडवलं होतं. पण मग त्यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला असता, आणि तो प्रश्न घेऊन ते घरभर फिरत राहिले असते. कपाटं उघडत, घड्या मोडत.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी. मला शिकवलेलं होतं ते. त्यांनी मला विचारलं, ही रेष जाईल का? मी म्हणाले, जाईल. त्यांनी विश्वास ठेवला माझ्यावर."

"आणि तिला? तिला काहीच…"

"नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दारात बोट चेमटलंय, असंच त्यांना वाटत होतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. महिनाभर ज्या गोष्टीला धरायला कुठं जागा नव्हती, तिला आता जागा मिळाली होती. आत आधण उकळून ऊतू जायला लागलं, गॅस फसफसला. ते उठले, आत गेले, गॅस बंद केला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कप नव्हते.

दार त्यांनी स्वतःच उघडून धरलं.

"या तुम्ही," ते म्हणाले. "आणि पुन्हा या घराची पायरी चढू नका."

मी चपला घातल्या आणि जिना उतरले.